जादुई वास्तूवाले निकम

सोमनाथ निकमांनी आयुष्यात एकच गोष्ट सरकारी कागदाबाहेर लिहिली, आणि तिनंच त्यांना सरकारी कागदात अडकवलं.

ती गोष्ट म्हणजे कादंबरी. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिलेल्या माणसानं कादंबरीला हात घालावा का, हा प्रश्न वेगळा. घातला होता. पहिल्या खर्ड्यात नायिका नायकाला प्रथम बघते तिथं त्यांनी ‘सदर इसम’ असं लिहिलं होतं. पण ते त्यांनी स्वतःच खोडलं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

कादंबरीचं नाव ‘सगुणाबाईंचा उंबरा’. देवळ्याच्या पुढं धामणबारी म्हणून निकमांच्या मावशीचं गाव आहे. तिथल्या गढीचं आता फक्त दार उरलंय. दोन बाजूंना दगडी खांब, वर आडवी शिळा आणि खाली काहीच नाही. उंबराच नाही. गावात सांगतात की फार पूर्वी एका सकाळी गढीच्या सुभानरावांची बायको सगुणाबाई नाहीशी झाली आणि त्याच सकाळी दाराचा उंबराही नाहीसा झाला. बाई गेली हे समजू शकतं, पण चार माणसांना न उचलवणारा दगड कुठं गेला? लहानपणी सुट्टीत ऐकलेलं हे कोडं निकमांच्या डोक्यात पन्नास वर्षं बसून होतं. निवृत्तीनंतर ते बाहेर पडलं.

कादंबरीत त्यांनी सगळं आधुनिक केलं होतं. मृण्मयी नावाची मुलगी बंगळूरची नोकरी सोडून भाड्याच्या गाडीनं एकटी फिरत असते. चांदवडच्या पुढं मोबाईलमधली बाई ‘आपण पोहोचला आहात’ असं म्हणते आणि मृण्मयी पोहोचते ती सुभानरावांच्या काळात. तिथला जकातदार गाडी अडवतो, कारण फास्टॅग चालत नाही. उलट सगुणाबाई तिकडून इकडं येते, उंबऱ्याच्या शोधात पाच शहरं फिरते, आणि विमानतळावरच्या तपासणीच्या चौकटीला उंबरा नाही म्हणून तिथं अडून बसते. हा भाग निकमांना स्वतःला फार आवडायचा. तो ते मनातल्या मनात मोठ्यानं वाचायचे.

अडचण एवढीच की शेवट सापडत नव्हता. उंबरा नेमका गेला कुठं, हे लेखकालाच माहीत नव्हतं.

आणि शेवटाची निकड होती. निकमांना ही कादंबरी बायकोनं वाचायला हवी होती. छापली नाही तरी चालेल, पुरस्कार नको, पण उज्वलानं वाचावी. उज्वलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, “पुरी करा, मग वाचते. अर्धा पेपर मी कधी तपासलेला नाही.” दोन वर्षं झाली तरी अट ढळली नव्हती. आता संक्रांत झाली की पहिल्या रविवारी त्या लेकीच्या, तेजलच्या, बाळंतपणाला पुण्याला जाणार होत्या. एकदा नातवंड हातात आलं की कादंबरीला कोण विचारतंय, हे निकम ओळखून होते. म्हणजे संक्रांतीच्या आत शेवट हवा. एवढंसं काम होतं. माणसाला स्वस्थ बसू दिलं असतं तर झालंही असतं.

बिघाडाची सुरुवात तेजलच्या फोनपासून झाली. “बाबा, तुम्ही जे लिहिताय ना, त्याला मॅजिकल रिअॅलिझम म्हणतात,” ती म्हणाली. निकमांनी कोशात, मासिकांत शोधून त्याला मराठी नाव काढलं: जादुई वास्तववाद. त्या नावानं त्यांना इतका आनंद झाला की ते लगेच खाली उतरले. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या इमारतीचं नाव ‘गोदादर्शन’ आहे. गच्चीवर टाचा उंचावल्या तरी तिथून गोदावरी दिसत नाही, पण तो विषय बिल्डरबरोबर झाला आहे. खाली बाकावर सोसायटीचे चेअरमन रावजी शेवाळे ऊन खात बसले होते. रावजींचा डावा कान कामातून गेलेला आहे आणि निकम नेमके डावीकडं बसले.

“काय निकमसाहेब, हल्ली दिसत नाही. करता काय दिवसभर?”

“जादुई वास्तववाद,” निकम शक्य तितक्या सहजपणे म्हणाले.

रावजींनी मान वळवली. “जादुई वास्तू? आणि हे तुम्ही आम्हाला आत्ता सांगताय?”

“तसं गाजावाजा करण्यासारखं काही नाही.”

“वेळ किती लागतो याला?”

“मला दोन वर्षं लागली. शेवटच अडलाय.”

“तोडफोड करावी लागते?”

“भयंकर!” निकम मनापासून म्हणाले. “पहिलं सगळं तोडून पुन्हा उभं केलं. बायको म्हणाली, वेड लागलंय.”

“आणि दिशा कशी ठरवता?”

“दिशा आधी ठरवायचीच नाही, रावजी. ती आपोआप सापडते.”

रावजी बाकावर सरसावून बसले. असं अधिकारवाणीनं बोलणारा वास्तूवाला त्यांनी पाहिला नव्हता. बाकीचे होकायंत्र घेऊन येतात. हा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि एका शब्दानं बोलत नाही! त्याच संध्याकाळी ‘गोदादर्शन परिवार’ या मोबाईलवरच्या गटात निरोप आला, की आपले निकमसाहेब जादुई वास्तूचे गाढे अभ्यासक असून गरजूंनी लाभ घ्यावा.

निकमांनी तो निरोप वाचला आणि त्यांच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी खाली सविस्तर खुलासा लिहिला: वास्तू वेगळी, वास्तव वेगळं, वास्तववाद हा साहित्यातला प्रवाह आहे, आपण स्वतः वास्तू मानत नाही वगैरे. खुलाशाला सतरा जणांचे जोडलेले हात आले. एकानं लिहिलं, ‘खरे जाणकार असेच नम्र असतात.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मालनबाई आल्या. निकम तेव्हा एकोणिसाव्या प्रकरणात होते. सगुणाबाईचा एक पाय उचललेला होता आणि तो ठेवायचा कुठं हे ठरत नव्हतं. बाई अधांतरी, लेखक अधांतरी.

“भाऊ, आमच्या संतोषचं कुठंच जमंना हो,” मालनबाई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. “पस्तिशी आली. तीन वर्षांत लय पोरी पाह्यल्या. लय पोहे खाल्ले. घरातच काहीतरी हाय म्हणते मी. पलंग हलवू का?”

“मालनबाई, मी यातला नाही.”

“असं करू नका ना भाऊ. एक शब्द सांगा, मी जाते.”

“आधी तो उंबरा कुठं गेला ते मला बघू द्या!” निकम कागदावरून मान वर न करता कडाडले. “उंबरा सापडल्याशिवाय पुढं काहीसुद्धा सरकणार नाही!”

मालनबाई चटकन उठल्या. खाली आपल्या दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. खरंच की! फ्लॅटला उंबराच नव्हता. नुसती फरशी, आतून बाहेर सरळ गेलेली. घरात येणारं सगळं सुख त्या फरशीवरून घसरून जिन्यानं खाली जात होतं आणि एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी गोरख सुताराला बोलावलं. गोरखनं चार बोटं उंचीचा भक्कम सागवानी उंबरा ठोकून दिला. मालनबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

इथवर ठीक होतं. पण आठच दिवसांनी संतोषचं घर बघायला मुलीकडचे आले. मुलीचे वडील मल्हारी आहेर बोलत बोलत आत शिरले, ते थेट आडवेच झाले. त्यांचा घोटा सुजला. नेमकी लिफ्ट बंद होती. संतोषनं भावी सासऱ्यांना पाठुंगळी मारलं, दोन मजले उतरून रिक्षात घातलं, दवाखान्यात तीन तास त्यांच्या उशाशी बसला आणि पुन्हा पाठीवरून वर आणलं. संध्याकाळी मल्हारी आहेरांनी पाय उशीवर ठेवून जाहीर केलं, “जो मला वाहून नेतो, तो माझ्या पोरीला वाऱ्यावर सोडणार नाही. साखरपुडा उरकून टाका.”

झालं! मालनबाई पेढे घेऊन आल्या आणि निकमांच्या पाया पडायला वाकल्या. निकम मागं सरले, तर मागच्या टेबलावर आपटले.

त्यानंतर गोदादर्शनमध्ये उंबऱ्यांची साथ आली. गोरख सुतार सकाळी आठला येई तो दिवेलागणीला जाई. कुणी सागाचा लावला, कुणी काळ्या दगडाचा, कुणी दाराबाहेर जिन्याच्या वाटेतही एक. पहिल्या मजल्यावरच्यांनी पितळी पट्टी मारून घेतली. रावजी चेअरमन असल्यानं त्यांनी दोन लावले, एक बाहेर आणि एक आत. जिन्याच्या तोंडाला सोसायटीच्या वतीनं एक लावला गेला. गॅसवाल्यानं सिलिंडर फाटकाशी ठेवून ‘घेऊन जा’ म्हणून सांगितलं. पेपरवाला उंबऱ्यावरून पेपर भिरकावू लागला. सगळ्या इमारतीत निकमांचं एकटं घर बिनउंबऱ्याचं राहिलं, आणि लोक त्याचाही अर्थ लावायचे. डॉक्टर कुठं स्वतःचं औषध घेतो!

“आणि तुम्ही कुणालाच काही बोलत नाही,” उज्वलाबाई म्हणाल्या.

“बोलतोय! रोज बोलतोय! कुणी ऐकतच नाही!”

“शेवटाचं काय झालं?”

निकमांनी दाराकडं बोट दाखवलं. सकाळी बसावं तर दारात माणूस. ईशान्येला संडास आहे, चालेल का? आरसा दक्षिणेला आहे, सुनेचा स्वभाव त्यामुळं का? एकोणिसाव्या प्रकरणात सगुणाबाईचा पाय अजून हवेतच होता. संक्रांतीला तीन आठवडे उरले होते.

तेवढ्यात आग विझवण्याच्या नळ्या तपासायला एक साहेब आले. कुठून आले ते कार्यालय आपण नको सांगायला. जिन्याच्या तोंडच्या उंबऱ्याला ते अडखळले, सावरले, पुढच्याला पुन्हा अडखळले, आणि मग त्यांनी नळ्या सोडून उंबरे मोजायला घेतले. चौथ्या दिवशी नोटीस आली. ‘सदर इमारतीच्या सदर मार्गात सदर अडथळे सदर वास्तुतज्ज्ञ श्री. सोमनाथ निकम यांचे सल्ल्याने उभारण्यात आल्याचे सदर रहिवाशांनी सांगितल्याने, सदर इसमाने आपला परवाना सादर करावा.’

निकमांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हे, की एका वाक्यात सहा वेळा ‘सदर’. छत्तीस वर्षं ज्यानं खात्यात मसुदे दुरुस्त केले, त्याच्यावर असल्या मराठीत आरोप व्हावा! ते तसेच लाल शाईनं मसुदा दुरुस्त करून, प्रत सोबत घेऊन त्या कार्यालयात गेले. हे त्यांनी करायला नको होतं.

टेबलामागं पल्लवी मॅडम होत्या. स्वभावानं चांगल्या. त्यांनी दुरुस्त केलेला मसुदा पाहिला, नुसतं “अच्छा” म्हटलं आणि तो फाईलला लावला.

“मी वास्तुतज्ज्ञ नाही,” निकम म्हणाले.

“मग नसल्याचा पुरावा द्या.”

“नसल्याचा पुरावा कसा देणार? मी वैमानिकही नाही. त्याचा देऊ?”

“काका, चिडू नका. पंधरा जणांचे जबाब आहेत, तुम्ही वास्तूचं काम करता म्हणून. तुम्ही ते करत नाही तर मग काय करता, तेवढं कागदावर यायला हवं.”

“मी कादंबरीकार आहे.”

“छान. कादंबरी आणा. पाहते, शेरा मारते, फाईल बंद.”

“ती अजून पुरी झालेली नाही.”

पल्लवी मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काका, अपुऱ्या कागदावर मी शेरा कसा मारू? उद्या शेवटच्या प्रकरणात तुम्ही वास्तुतज्ज्ञ निघालात तर?”

घरी बायको पुरी मागत होती, इथं सरकार पुरी मागत होतं. मुदत संक्रांतीनंतरच्या सोमवारची मिळाली.

घरी येऊन त्यांनी निर्णय घेतला. इथं बसून शेवट सापडायचा नाही. धामणबारीला जायचं, त्या दारासमोर बसायचं आणि सगुणाबाईचा पाय कुठंतरी ठेवूनच परत यायचं.

“मीही येते,” उज्वलाबाई म्हणाल्या. “तुमच्या कादंबरीतल्या बायका पाच-पाच शहरं फिरतात. मला एकदा मावशींचं गाव तरी दाखवा.”

निकमांना हे थोडं टोचलं. टोचावं असंच ते म्हटलेलं होतं.

एस.टी.नं देवळा, तिथून रिक्षानं धामणबारी. दोन्हीकडं कांद्याची हिरवी शेतं, हवा स्वच्छ, ओळखीचं कुणी नाही. निकमांना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. रिक्षा पाराजवळ थांबली आणि समोर हार घेऊन, घोट्याला पट्टी बांधून, काठीवर रेललेले मल्हारी आहेर उभे होते. मालनबाईंचे होणारे व्याही. धामणबारीचे सरपंच.

“आमना जावईनी फोन करी सांगं, साहेब येई ऱ्हायनात म्हनीसन,” ते आनंदानं गावच्या बोलीत म्हणाले. “चला, चला. बठं गाव गढीजवळ बशेल शे.”

खरंच सगळं गाव बसलं होतं. सतरंज्या होत्या. नारळ होता. निकमांच्या गळ्यात हार पडला आणि त्यांना त्या बिनउंबऱ्याच्या दाराकडं तोंड करून खुर्चीवर बसवण्यात आलं. उज्वलाबाईंना शेजारची खुर्ची मिळाली. पदर तोंडाला लावून त्या खाली बघत होत्या.

मल्हारींनी पाहुण्यांसाठी नीट मराठीत प्रास्ताविक केलं. गावातलं एकही पोरगं गावात टिकत नाही. शिकलं की नाशिक, नाशिकहून पुणं. टिकणार कसं? गढीच्या दारालाच उंबरा नाही, सगळं वाहून चाललंय. तर साहेबांनी नवा उंबरा कुठल्या दगडाचा, किती उंच, कुठल्या वारी बसवायचा एवढं सांगावं.

आणि निकमांचा बांध फुटला.

“मी वास्तूवाला नाही!” ते हारासकट उठून ओरडले. “माझ्या सात पिढ्यांत कुणी वास्तूवाला नव्हता! मी एक साधी कादंबरी लिहितोय! दोन वर्षं लिहितोय! मला तुमच्या ईशान्येचं, आग्नेयेचं काही पडलेलं नाही! ती सगुणाबाई कुठं गेली आणि तो उंबरा कुठं गेला, एवढं एकच मला कुणीतरी सांगा, मी तुमच्या पाया पडतो!”

मग बायकांच्या मागच्या ओळीतून एक पिकलेला आवाज आला.

“इतलंच ना? मंग मले इचारना व्हता ना, भाऊ. उंबरा मना आंगनमां शे.”

या कुसाबाई. वय ऐंशीच्या पुढं, पाठीत वाकलेल्या. त्या उठल्या आणि चालू लागल्या. निकम मागं, उज्वलाबाई मागं, सगळ्या सतरंज्या मागं. दोन गल्ल्या ओलांडून कुसाबाईंच्या अंगणात एका आंब्याखाली एक लांबट काळा दगड पडला होता. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला, बाजूला वेलबुट्टीचं नक्षीकाम, आणि त्यावर वाळत घातलेलं एक लुगडं.

“हाऊ धुनाना दगड शे,” कुसाबाई म्हणाल्या. “पन शे तोच. आमनी पनजीनी पनजी व्हती ती सगुणा. नवरा लय तापट. तो सांगे, ‘मना उंबरा वलांडशी तं याद राख!’ तिनी वलांडाच नही.”

“मग?” निकमांनी विचारलं.

“मंग काय! बैल जुपात, उंबरा उपटा, गाडीमां टाका नि संगे ली गयी. वलांडा कुठे? तो तं तिना संगेच व्हता.”

“पण गेली कुठं?”

“आठेच, ना. दूर कसाले जाई? तिना बापनं दिधेल आंबानं झाड आठे व्हतं.”

दोन गल्ल्या! निकम त्या दगडाकडं बघत राहिले. दोन वर्षं, अडीचशे पानं, पाच शहरं, विमानतळ, मोबाईलमधली बाई, बंगळूरची मृण्मयी. आणि ही बाई दोन गल्ल्या पलीकडं आंबे खात बसली होती. त्यांना आपला घोर अपमान झाल्यासारखं वाटलं. “हे कुणी आधी का सांगितलं नाही?” त्यांनी कळवळून विचारलं.

“कोनी इचारं नही,” कुसाबाई म्हणाल्या.

इकडं उज्वलाबाई हसत होत्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईतो. शेवटी त्यांना उभं राहवेना आणि त्या मटकन त्या दगडावर बसल्या. लगेच दचकून उठू लागल्या, कारण उंबऱ्यावर बसू नये. कुसाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा खाली बसवलं.

“बस, बहीण. हाऊ आते दारना नही. बाईना शे.”

परतीच्या एस.टी.त उज्वलाबाई नाशिक दिसू लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता, बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, तुमची सगुणाबाई असं करू शकेल का?”

“तू वाचलंच नाहीस, तर तुला काय सांगू?”

“म्हणूनच विचारतेय,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्या प्रश्नानं निकमांची झोप उडवली, कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. त्यांची सगुणाबाई नुसती रडत फिरायची. आता तिला उंबरा उपटता येण्यासाठी पहिल्या प्रकरणापासून तिच्या मनगटात जोर भरावा लागणार होता. त्यांनी दाराला आतून कुलूप लावायला सांगितलं. मालनबाई आल्या की उज्वलाबाई जिन्याकडच्या खिडकीतून “घरी नाहीत” म्हणायच्या, आणि आतून निकमांच्या खोकल्याचा आवाज यायचा. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी डाव्या हातानं घेतला, उजवा चालूच होता. सगळं हातानं लिहायचं, जाड सरकारी पद्धतीच्या कागदावर, कारण टाईप केलं की त्यांना अर्ज केल्यासारखं वाटायचं. एकच प्रत.

रविवारी सकाळी खाली रिक्षा येऊन उभी राहिली. उज्वलाबाईंची बॅग भरलेली, डिंकाचे लाडू बांधलेले, आणि निकम शेवटचं वाक्य लिहीत होते. लिहिलं. खाली रेघ मारली. सवयीनं तारीख टाकली आणि सही केली.

“झाली,” ते म्हणाले. “पुरी झाली.”

उज्वलाबाई आल्या. त्यांनी गठ्ठा उचलून सरळ केला, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधला आणि बॅगेत लाडवांवर ठेवला.

“अगं! अगं, हे काय? उद्या सोमवार! कचेरीत दाखवायचीये! माझ्याकडं एकच प्रत आहे!”

“पुरी झाली ना? मग आधी मी वाचणार. अट माझी होती.”

“निदान झेरॉक्स…”

“रविवार आहे आज. बंद आहे तो.”

“उज्वला, मी सरकारदरबारी वास्तूवाला ठरेन!”

“सगळे म्हणतातच तसं,” त्या म्हणाल्या, आणि बॅग घेऊन, प्रत्येक मजल्यावरचे उंबरे सराईतपणे चुकवत, जिना उतरून गेल्या. निकम गॅलरीत उभे राहिले. रिक्षा वळेपर्यंत त्यांना मागून काहीतरी ओरडायचं होतं, पण सुचलं नाही.

दिवस वाईट गेला. ती वाचेल का, की लाडवांवरच ठेवून विसरेल? वाचली तर काय म्हणेल? आवडली नाही तर? दोन वर्षं एका माणसासाठी लिहिलेलं त्या माणसाला आवडलं नाही, तर पुढं काय करायचं असतं, हे निकमांना माहीत नव्हतं. त्यांनी सकाळचा चहा दुपारी प्याला.

साडेतीनला तेजलचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता.

“बाबा, काय दिलंत तुम्ही आईला वाचायला? इथं पुण्यात नाशिक फाट्याला उतरायचं होतं तिला. मी तिथं पोट सांभाळत तासभर उभी! कंडक्टर तीनदा ओरडला म्हणे, ‘नाशिक फाटा, नाशिक फाटा.’ तर ही त्याला म्हणाली, ‘नाशिक कधीच मागं गेलं,’ आणि परत वाचायला लागली! शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं उठवलं तिला. घ्या, बोला.”

फोन हातातून हातात गेला. निकमांनी आपला फोन कानाला घट्ट दाबला.

“शुद्धलेखनाच्या चुका एकशे बारा आहेत,” उज्वलाबाई म्हणाल्या. “सगुणाबाईला एवढी शहरं फिरवलीत, एकदाही चहा दिला नाहीत. आणि एका जागी ‘सदर गृहस्थ’ राहून गेलंय.”

“बरं.”

मग कागद उलटल्याचा आवाज आला.

“उतरायचं राहूनच गेलं हो माझं,” त्या हळूच म्हणाल्या.

निकमांनी फोन ठेवला. हे कुणालातरी सांगायलाच हवं होतं, आत्ता, या क्षणी. ते चप्पल न घालता तीन मजले धडाधड उतरले. मालनबाईंच्या मजल्यावरचा उंबरा चुकवला, पितळी पट्टीवाला चुकवला, जिन्याचा चुकवला. रावजींचं दार उघडं होतं. बाहेरचा उंबरा त्यांनी झोकात ओलांडला. आतला मात्र ते विसरले होते.

रावजी धावत आले. निकम दिवाणखान्यात सपशेल पालथे पडले होते आणि हसत होते.

“उतरलीच नाही, रावजी! गाडीतून उतरलीच नाही ती!”

रावजींना काहीच कळलं नाही. डावा कान त्यांच्याकडं होता. त्यांनी आधी भिंतीकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग निकमांच्या डोक्याकडं, आणि समाधानानं मान हलवली.

“हलू नका साहेब. बरोबर ईशान्येला डोकं करून पडलात. तुम्हाला मोठा लाभ होणार.”

“झाला,” निकम म्हणाले.